इंद्रवज्र बघायला हरिश्चंद्रगडावर जाताय? मग सकाळी उठा

इंद्रवज्र म्हणजे धुक्यावर पडलेल्या आपल्याच सावलीभोवती उमटणारा रंगीत गोल. गडाच्या कोकणकड्यावर तो सूर्यास्ताला दिसतो, असं मला दोघातिघांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. सपशेल चूक! कड्याचं तोंड पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळी सूर्य डोळ्यांत. इंद्रवज्राला सूर्य पाठीशी लागतो आणि धुकं समोर, खाली दरीत. पहिली संध्याकाळ त्यातच वाया गेली.

त्याआधी खिरेश्वरची वाट. खुबी फाट्यापासून गाव धरणाच्या बांधावरून चालत तासाभरावर आहे. तेवढ्यासाठी जीपवाल्याने 600 रुपये घेतले, कारण पाऊस होता आणि पाठीवर कॅमेऱ्याची बॅग दिसत होती. देऊ नका, चाला.

तोलारखिंडीपर्यंत काही नाही. पुढचा कातळटप्पा मात्र पावसात वजन घेऊन चढायचा नाही. 'रेलिंग आहे हो' असं सगळे म्हणतात. कातळावर शेवाळं, हाताखालचा गज हलणारा. माझा ट्रायपॉड बॅगेच्या कुशीला आडवा बांधलेला होता. तो खडकाला अडला आणि मी बाहेरच्या अंगाला फिरलो. एक गुडघा खोबणीत, दोन्ही हात गजाला, तोंड कातळाला लावलेलं. ओल्या दगडाचा वास अजून नाकात आहे. मित्राने मागून ट्रायपॉडचा पट्टा कापला तेव्हा सुटलो. नंतर पठारावर धुक्यात टेपाडामागून टेपाड. तीन तासांची म्हणून सांगितलेली वाट सहा तास पुरली. कॅमेरा नेणार असाल तर पाचनई गावाकडच्या दुसऱ्या वाटेनेच जा. ट्रायपॉड बॅगेला उभा बांधा, नाहीतर घरी ठेवा.

देऊळ, केदारेश्वराची गुहा, गरम पिठलं-भाकरी, सगळं छान. त्यावर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी आठच्या सुमारास कड्यावर ऊन आलं, दरी धुक्याने काठोकाठ भरलेली. कडेपासून दोन पावलं मागे उभा होतो. खाली माझी सावली पडली आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत गोल उमटला. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याला इथेच दिसला होता म्हणतात, तोच. वाईड लेन्स उगाच वाहिली. 50 मिमीत आख्खा गोल मावला.

अकरा वर्षं मी लग्नांचे फोटो काढतोय. हजारो चेहरे टिपले, त्यांत मी कुठेच नाही. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, आपलं काम मागे राहण्याचं. इथे मागे राहायला जागाच नव्हती. मी हललो की गोल हलायचा, हात वर केला की सावलीचा हात वर. कॅमेरा खाली ठेवला आणि रडलो. का, ते अजून नीट सांगता येत नाही.

मित्र हातभर अंतरावर होता. तो म्हणाला, "माझ्याभोवती आहे, तुझ्याभोवती नाही." मला बरोबर उलटं दिसत होतं. गोल ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुरता असतो, हे वाचलेलं होतं. तरी वाचणं वेगळं.

ऊन चढेल तशी सावली जवळ येते आणि माणूस नकळत कडेकडे सरकतो. तिथे कडा आत वळलेला आहे, पायाखाली काय आहे ते कळत नाही. सरकू नका, पोटावर झोपून बघा, कुणाला तरी पाय धरायला सांगा. लेन्स पुसायला सुती पंचा न्या. आणि दोघे जात असाल तर दोघांनीही आपापला कॅमेरा न्या. माझ्या फोटोत मित्राची नुसती काळी सावली आली आहे.