किती देतात गो तुला?

मे महिन्यात आमच्या पडवीत पाहुणा टेकला की आधी पाणी पितो, मग आंबा कसा आहे यंदा ते विचारतो आणि तिसरा प्रश्न माझ्यासाठी असतो. "घरची एवढी कामं टाकून परक्यांची पोरं सांभाळायला कशाला जातेस? आणि किती देतात गो तुला?" शेजारच्या काकूंनी विचारलं, मुंबईहून आलेल्या आत्याने विचारलं. हॉस्टेलवरच्या मैत्रिणींनीही विचारलं, फक्त त्यांनी पैशांचं आधी विचारलं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सांगून टाकते.

मे महिन्यात मी मुलांच्या निवासी शिबिरात ताई म्हणून जाते. दोन तुकड्यांचे मिळून सात हजार. राहणं-जेवण त्यांचं. त्यात माझी हॉस्टेलची मेस अडीच महिने चालते. ही रक्कम ऐकून आत्या म्हणाली, "एवढ्यासाठी?" आणि काकू म्हणाल्या, "एवढे?" दोघींचंही बरोबर आहे.

मी रत्नागिरीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर आंजर्ल्याजवळच्या एका वाडीत. शिबिर खाडीच्या पलीकडे, मुरुडच्या बाजूला. हे मुरुड म्हणजे महर्षी कर्व्यांचं, दापोली तालुक्यातलं. हे मुद्दाम सांगते, कारण दर तुकडीला एक तरी पालक गाडीतून उतरून "जंजिरा कुठून दिसतो?" असं विचारतात. जंजिरा रायगडातल्या मुरुडला, आमच्याकडून दिसतो तो हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग. एक कुटुंब तर सरळ त्या मुरुडला जाऊन पोचलं होतं. मुलगा रात्री साडेदहाला आमच्याकडे आला, तोपर्यंत आमटी दोनदा गरम करून झाली होती.

पैशांचं आणखी एक. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी शाळेत होते. आमच्या आगरातल्या निम्म्याहून जास्त सुपारीच्या पोफळी आडव्या झाल्या, घरामागची दोन हापूसची कलमं मुळासकट उपटली. पोफळ लावली की धरायला सहा-सात वर्षं जातात. नवीन लावलेल्या आता कुठे धरायच्या बेतात आहेत. मधली वर्षं बाबांनी कशी काढली ते मी त्यांना विचारलेलं नाही आणि त्यांनी सांगितलेलं नाही. तेव्हा सात हजार म्हणजे सात हजार.

पण फक्त पैशांसाठी जाते असं म्हटलं तर ते खोटं होईल.

आमच्याकडचा मे तुम्हाला माहीत असेल तर पुढचं सांगायला नको. आंबे उतरवायचे, आढीतले रोज परतायचे, फणस फोडायचे, आंब्याच्या रसाची साठं वाळत घालायची, रातांबे म्हणजे कोकमाची फळं आली की आमसुलं, लाकूडफाटा आत घ्यायचा, कौलं बघायची. सगळी आगोट, म्हणजे पावसाआधीची बेगमी, त्या तीस दिवसांत. त्यातच चाकरमानी येतात. गेल्या वर्षी घरात अकरा माणसं होती, न्हाणीघर एक आणि पंखे दोन. मी पहाटे उठून तिसऱ्यांदा चहा टाकत असायचे तेव्हा माझा भाऊ बॅट घेऊन बाहेर पडलेला असायचा. तो अख्खा मे वाडीवाडीच्या क्रिकेटच्या सामन्यांना घालवतो. त्याला आजवर कुणीही विचारलेलं नाही की घरची कामं टाकून कशाला जातोस, आणि किती देतात रे तुला.

शिबिरातही मी कामच करते. चौदा पोरांना उठवायचं, दात घासलेत की नुसता ब्रश ओला केलाय ते बघायचं, वाळूने भरलेल्या चड्ड्या झटकायच्या, कुणी आंबा जास्त खाल्ला तर रात्री त्याच्याबरोबर जागायचं. पण तिथे भिंतीवर तक्ता असतो आणि त्यात माझं नाव असतं: "सकाळी सात, किनारा, गट तिसरा, ताई." गळ्यात शिट्टी असते. मी "चला" म्हटलं की चौदा जण चालायला लागतात. घरी मी "चला, जेवायला बसा" म्हटलं तर एकही माणूस पत्त्यांवरून मान वर करत नाही.

पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, पोरांना काय सांगणार मी? मला काय येतं? मग दुसऱ्याच दिवशी ओहोटीला खडकांवर न्यायचं होतं आणि वेळ ठरत नव्हती. संचालक सर मोबाइलवर भरतीची वेळ शोधत होते, रेंज येत नव्हती. मी म्हटलं, "सर, आज एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठला पूर्ण भरती. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. दोनला निघू." सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमच्याकडे तिथीची पाऊणपट शेंबडं पोरही करतं, मला ती आजीने पावकीबरोबर शिकवली. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण खडक उघडे मिळतात. त्या दिवशी पोरांनी समुद्रफुलांना बोट लावून ती मिटताना पाहिली आणि वहीत तिथ्यांचा तक्ता केला. चतुर्थी तीन, अष्टमी सहा. एका मुलीने विचारलं, "ताई, हे तू शोधून काढलंस?" मी नाही म्हणायला जरा उशीरच केला.

आणि एक मुलगा होता, नऊ वर्षांचा, मुंबईत रेल्वे लायनीला लागून घर. पहिल्या रात्री सगळे झोपले, हा अंथरुणात बसून. आईची आठवण येते का? नाही. पोटात दुखतंय? नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ताई, हा आवाज बंद कधी होणार?"

मला कळेना कुठला आवाज. पंखा बंद केला. तो म्हणाला, "हा नाही, बाहेरचा." समुद्राची गाज! मी त्या गाजेतच वाढलेली, मला ती ऐकूच येत नव्हती. मी सांगितलं की हा बंद होत नाही. तो घाबरला. मग मी त्याला विचारलं, "तुमच्याकडची शेवटची लोकल किती वाजता जाते?" त्याने मिनिटासकट वेळ सांगितली. नंतर पहिली कधी, मधे मालगाडी कधी, हे सांगता सांगता तो आडवा झाला. मी मात्र त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागी. एकदा ऐकू यायला लागली की गाज खरंच फार मोठी असते.

गेल्या वर्षी पहिल्या तुकडीतल्या माझ्या चौदा जणांना मी आमच्या घरी नेलं. तक्त्यात लिहिलं होतं "कोकणी घराची ओळख". आजीला ओळख वगैरे करून द्यायची नव्हती. सकाळीच चार टोपल्या रातांबे उतरवलेले, तिला हात हवे होते. तिने पोरांना पडवीत दोन रांगांत बसवलं. मोठ्यांनी रातांबा फोडायचा, बारक्यांनी बिया काढायच्या, साल एका परातीत, बिया नि रस दुसरीकडे. एक मुलगा शिबिरात मुरलेला, त्याने विचारलं, "आजी, जिंकलं तर काय?" आजी म्हणाली, "जिंकलास तर आणखी एक टोपली."

पाऊण तास चौदा पोरं जागची हलली नाहीत. शिट्टी नाही, टाळ्या नाहीत, गाणं नाही. हात कोपरापर्यंत लालजांभळे. मी दारात उभी राहून बघत होते आणि खरं सांगायचं तर मला रागच आला. एवढंसं काम मला लहानपणी सांगितलं की मी अभ्यास आहे म्हणून माडीवर पळायचे. आजीने तेवढ्यात माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू काय बघत्येस? बस त्या टोकाला." बसले. चौदा अधिक एक.

त्या रातांब्यांची सालं मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा रसाचं पुट, पुन्हा ऊन. पाच-सहा पुटं झाली की आमसूल काळं पडून तयार होतं. पुढच्या रातांब्यांचीही तशीच सालं माळ्यावरच्या गच्चीवर पसरलेली होती, आंब्याच्या साठांची ताटं शेजारी. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ऊन असतंच, असा सगळ्यांचा हिशेब.

२०२५ च्या मेने तो हिशेब ठेवला नाही. विसाव्या तारखेनंतर आभाळ भरायला लागलं आणि २४ मेला समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या मधेच किनाऱ्यावर चढलं. हर्णैच्या होड्या आधीच आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला आल्या होत्या. आमची दुसरी तुकडी उद्या सुटायची होती. वीज गेलेली, चौदा पोरं हॉलमध्ये, पत्रे वाजतायत. मी त्यांना अंताक्षरी खेळायला लावलं आणि मनात आमची गच्ची. घर सरळ रेषेत सहा किलोमीटरही नसेल. स्कूटीने गेले असते तर वीस मिनिटं. एकदा रेनकोट घातलाही. मग त्या लोकलवाल्या मुलासारखाच एक बारका, त्या तुकडीतला, माझ्या ओढणीचं टोक धरून बसला आणि मी रेनकोट काढून खुंटीला लावला. फोन लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळे पालक येऊन पोरांना घेऊन गेले. संध्याकाळी मी घरी पोचले. चुलीभोवती सुपं, परड्या, रोवळ्या, जे मिळेल त्यात आमसुलं पसरलेली, घरभर आंबट धूर. साठांची तीन ताटं गेली होती. भाऊ त्या दिवशी सामना रद्द झाल्यामुळे घरी होता आणि सगळं त्यानेच आत आणलं. आधी साखरेत घातलेल्या कोकमांच्या बरण्या आणल्या, कारण सरबत त्याला आवडतं. त्या पावसात भिजल्या असत्या तरी बिघडलं नसतं, झाकणं घट्ट होती. सालं शेवटी आणली. याबद्दल त्याला कुणी काही बोललं नाही. मलाही नाही. बाबा कौलं बघत होते. आई एवढंच म्हणाली, "तुझी पोरं कोरडी राहिली ना?"

आजीने सूप पुढ्यात ठेवलं, "बुरशी आलेली वेगळी काढ." रात्री नऊपर्यंत मी तेच केलं. बोटं मिठाने चरचरत होती. निम्म्याच्या आसपास वाचली असतील. ती आमसुलं यंदाच्या वर्षभर आमटीत होती, जरा धुरकट लागायची.

म्हणजे घरचं काम टाकून जाते का? हो, जाते. नुकसान झालं का? झालं, तीन ताटं आणि बरीच आमसुलं. यंदाही जाणार आहे, मानधन पाचशेने वाढलंय.

मागच्या आठवड्यात हॉस्टेलवर आजीचा फोन आला. मला वाटलं, आता ती विचारणार कशाला जातेस. तिने विचारलं, "तुझी पोरं कुठच्या तिथीला येणार? त्यावर रातांबे काढायचे ठेवते." मी तारीख सांगितली, तिने पंचांग बघून तिथी काढली. मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आणि मोठी आण हो. बारकी नकोत. बारकी बिया चोखत बसतात."