घडी न मोडलेल्या गाड्या

शिकागोच्या विमानतळावर भाड्याची गाडी ताब्यात घेतली आणि आधी मीटरचा फोटो काढला. ३८ हजार ६१२ मैल. पुढच्या तीन दिवसांत मी ज्या दोन गाड्यांच्या मागे फिरणार होतो, त्यांतली एक जन्मल्यापासून चार मैल चालली होती आणि दुसरी सव्वा मैलाच्या जरा वर.

आधी शब्दाचा घोळ निस्तरतो. मायलेज म्हटलं की आपल्या डोक्यात येतं लिटरमागे किती देते ते. मी म्हणतोय ते रनिंग, गाडी आजवर फिरली किती. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत एक पंथ असा आहे, ज्याला गाडी पळते कशी यापेक्षा ती पळलेलीच नाही याचं कौतुक जास्त. पन्नास-साठ वर्षांची गाडी, सीटवर कारखान्याचं प्लास्टिक तसंच, आणि मीटरवर एक आकडी संख्या. अशा गाडीला तिच्याच जातीच्या, उत्तम राखलेल्या पण फिरलेल्या गाडीच्या कितीतरी पट पैसे मोजणारे लोक आहेत. हे वेड कुठून येतं, ते बघायला निघालो होतो.

पहिला मुक्काम रॉस्को. इलिनॉयच्या उत्तर टोकाला, रॉकफर्डच्या पुढे, विस्कॉन्सिनची हद्द लागायच्या आत. विमानतळापासून दीड-पावणेदोन तास. गाव इतकं शांत की आपल्याच टायरांचा आवाज ऐकू यावा. इथल्या हिस्टॉरिक ऑटो अ‍ॅट्रॅक्शन्स या संग्रहालयात लोक येतात ते राष्ट्राध्यक्षांच्या आणि जुन्या टोळीवाल्यांच्या गाड्या बघायला. मी त्या सगळ्या ओलांडून एका तांबेरलेल्या सांगाड्यापुढे जाऊन उभा राहिलो.

ही १९५७ ची प्लिमथ बेल्व्हेडिअर. ओक्लाहोमा राज्याला ५० वर्षं झाली तेव्हा टल्सा शहराने ही कोरी करकरीत, सोनेरी-पांढरी गाडी कोर्टाच्या इमारतीसमोर जमिनीत पुरली. पुढच्या पिढीला भेट म्हणून, २००७ मध्ये उघडायची. तळघर काँक्रीटचं, अणुहल्ला झेलेल असं सांगितलेलं. गाडीला गंजरोधक ग्रीस चोपडलं आणि वरून गुंडाळून घेतलं. २००७ साली पेट्रोल मिळेल न मिळेल म्हणून सोबत दहा गॅलन पेट्रोलही ठेवलं. बिअरचा एक खोका ठेवला, आणि बाईमाणसाच्या पर्समध्ये काय काय असतं ते पुढच्यांना कळावं म्हणून लिपस्टिक, केसांच्या पिना आणि न भरलेलं पार्किंगचं चलनसुद्धा. २००७ मध्ये टल्साची लोकसंख्या किती असेल, याचा सर्वांत जवळचा अंदाज करणाऱ्याला ही गाडी मिळणार होती.

जून २००७ मध्ये झाकण काढलं तर तळघरात पाणी. ते किती वर्षं आत येत-जात राहिलं कोण जाणे. हजारो लोकांसमोर आवरण उतरवलं आणि आतून ही निघाली, चिखलाने माखलेली, पत्रा सडलेली. अंदाज जिंकणारा गृहस्थ १९७९ मध्येच वारला होता. गाडी त्याच्या बहिणींच्या वाट्याला आली. पुढे न्यू जर्सीतल्या एका कारागिराने चिकाटीने ती स्वच्छ केली, पण ती चालण्यापलीकडे गेली होती. २०१७ पासून ती इथे आहे.

मी तिच्याभोवती तीनदा फिरलो. मागच्या दोन्ही कडांचे पंखांसारखे उंच पत्रे अजून ताठ आहेत. क्रोमवर कुठे कुठे पाण्यासारखी झिलई आहे. बाकी सगळं गंजाने खाल्लेलं. हात लावला तर बोटं आत जातील असं वाटत होतं. म्हणजे ‘फक्त चार मैल’ हे शब्द जाहिरातीत टाकले तर खरे, आणि तरी त्यांना काडीची किंमत नाही. मला आमच्या भाषेतला घडी मोडणे हा शब्द आठवला. नवीन साडी पहिल्यांदा नेसली की म्हणतात घडी मोडली. पण रेशमी साडी वर्षानुवर्षं त्याच घडीत ठेवली तर ती घडीवरच चिरते. नेसून विरली नाही तितकी ठेवून विरते.

गाडीचंही हेच, फक्त कारणं जास्त. ब्रेकचं ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि चाकांतले छोटे पिस्टन आतल्या आत जाम होतात. टाकीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे कार्ब्युरेटरमध्ये गोंदासारखा थर सोडतं. सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल हळूहळू खाली ओघळतं आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला गंज धरतो. रबरी सील सुकून आखडतात. उभ्या टायरांना खालच्या बाजूला सपाटी येते. आणि उंदीर! वायरिंग कुरतडायला आणि सीटच्या भरावात बाळंतपणं करायला त्यांना बंद गाडीसारखी जागा नाही. तेव्हा कमी फिरलेली गाडी घेणाऱ्याने आकड्याआधी विचारायचं ते हे, की ती उभी कुठे होती, कशी होती आणि मधूनमधून इंजिन फिरवायला कुणी होतं का.

दुसऱ्या दिवशी यूएस-२० धरला. बॉस्टनपासून ऑरेगॉनच्या किनाऱ्यापर्यंत जाणारा हा अमेरिकेतला सगळ्यांत लांब रस्ता. मला त्यातले सुमारे आठशे किलोमीटर कापायचे होते, आयोवा आडवं ओलांडून नेब्रास्कापर्यंत. मिसिसिपी ओलांडून डब्युक मागे पडलं की मका. उजवीकडे मका, डावीकडे सोयाबीन, मग दोघांची अदलाबदल. वॉटरलूच्या पुढे एका ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि टक्कन काचेवर बसला. तांदळाच्या दाण्याएवढी खूण. पुढचा तासभर माझी नजर तिथेच.

गंमत म्हणजे जाणकार अशाच खुणा शोधतात. मीटर मागे करणं हा जुना धंदा, आणि जुन्या अमेरिकी गाड्यांचे मीटर पाच आकड्यांचे असत. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. मग १२ हजार म्हणजे खरोखर १२ की एक लाख १२? १९७२ पासून तिथे मीटर फिरवण्याविरुद्ध केंद्राचा कायदा आहे, पण दहा वर्षांहून जुन्या गाडीचा आकडा विकताना लिहून देण्यातून बरीच वर्षं सूट होती. त्यामुळे कागदापेक्षा गाडीलाच विचारावं लागतं. ब्रेकच्या पेडलवरचं रबर कडेला झिजलंय का, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड दबलीय का, दार उघडताना खाली लोंबतं का, किल्लीचे दाते गुळगुळीत झालेत का, काचेवर आणि बॉनेटवर खड्यांचे टोचे आहेत का. मीटर खोटं बोलू शकतो; इतक्या साऱ्या साक्षीदारांना एकदम पढवणं कठीण.

मला विचाराल तर या गाड्यांची खरी किंमत इथेच आहे. न फिरलेली आणि न उघडलेली गाडी हा एक दस्तऐवज असतो. तपासनिसाने खडूने मारलेली खूण, रंगाचा एक ओघळ, वाकडा बसलेला क्लॅम्प, घाईत जास्त लागलेला गोंद, हे सगळं कारखान्यातल्या माणसांच्या हातचं. डेंट-पेंट करून नवी केलेली गाडी हमखास कारखान्यापेक्षा चकचकीत निघते, म्हणजे तीही चूकच. तेव्हा पुनरुद्धार करणारे कारागीर अशा अस्पर्श गाडीपुढे टॉर्च घेऊन वाकतात: इथला बोल्ट काळा होता की करडा? दुसऱ्यांदा रंग कितीही वेळा देता येतो, पहिला रंग एकदाच.

पण नुसतं जपलं म्हणून भाव चढतो असंही नाही. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो कन्व्हर्टिबल ही अमेरिकेतली शेवटची उघड्या टपाची गाडी म्हणून गाजली आणि लोकांनी घेऊन गॅरेजमध्ये दडवली. १९८४ साठी कंपनीने पुन्हा कन्व्हर्टिबल काढली तेव्हा चिडलेले मालक कोर्टात गेले. १९७८ ची कॉर्व्हेट ‘पेस कार’ (शर्यतीत सगळ्यांच्या पुढे धावणाऱ्या गाडीची विक्रीसाठी काढलेली आवृत्ती) तशीच. बनल्या ६,५०२, आणि घडी न मोडता ठेवणारे इतके निघाले, की कमी रनिंगची पेस कार ही दुर्मीळ गोष्टच उरली नाही. सगळेच जपतात त्याचं मोल वाढत नाही. कुणी मुद्दाम जपलंच नाही आणि तरी उरलं, ते महाग.

तसंच काहीसं पिअर्समध्ये झालं. हे नेब्रास्काच्या ईशान्येकडचं छोटं गाव, हायवे सोडून थोडं दक्षिणेला. इथे लॅम्ब्रेक्ट दांपत्य १९४६ पासून पन्नास वर्षं शेव्हरोलेची एजन्सी चालवत होतं. न खपलेल्या नव्या गाड्या त्यांनी पडेल भावात काढल्या नाहीत, ठेवून दिल्या. बदल्यात आलेल्या जुन्या गाड्याही बहुतेक शेतात उभ्या केल्या. त्यांच्यातून झाडं वर आली. सप्टेंबर २०१३ मध्ये गावाबाहेरच्या शेतात सुमारे ५०० गाड्यांचा लिलाव झाला तेव्हा हजारोंची गर्दी लोटली. त्यात १९५८ ची शेव्हरोले कॅमिओ पिकअप होती. मीटर १.३ मैल, अंगावर धूळ, टपाला पोचा. गेली एक लाख ४० हजार डॉलरला. धूळसुद्धा पुसली नव्हती, आणि शहाण्यांनी पुसलीच नसती.

ते नेमकं शेत कोणतं हे मी कुणाला विचारलं नाही. संध्याकाळी गावाबाहेर गाडी कडेला लावून उभा राहिलो. त्या कॅमिओच्या नव्या मालकाचा विचार येत होता. एक लाख ४० हजार देऊन त्याने जे घेतलं, ते चालवलं की कमी होणार. चाळीस हजार मैलांच्या गाडीवर आणखी हजार पडले तर कुणी हुं का चूं करत नाही, १.३ चे १०१ झाले की गाडीची गोष्टच संपली. म्हणजे ढकलत न्यायची, ट्रकवर चढवायची, उतरवायची, पुन्हा ढकलायची. मूळ टायर धोक्याचे झालेले, पण टाकायचे नाहीत. किल्ली खिशात, आणि बसायची चोरी. मला नाही जमायचं. पण दार उघडून साठ वर्षांपूर्वीच्या शोरूमचा वास एकदा घ्यायला मिळाला, तर मी नाही म्हणणार नाही.

त्याच महिन्यात, या लिलावाच्या दहा दिवस आधी, अलास्कात अर्व्ह गॉर्डन नावाच्या निवृत्त विज्ञान शिक्षकाने आपल्या १९६६ च्या व्होल्व्हो पी१८०० वर ३० लाखावा मैल पुरा केला. कॅमिओपेक्षा आठ वर्षांनी लहान गाडी. दोघी समोरासमोर उभ्या केल्या तर मी कुठे जास्त वेळ थांबेन? खरं सांगायचं तर कॅमिओपुढे. व्होल्व्होत बसायला मात्र आवडेल.

परत शिकागोला गाडी दिली तेव्हा मीटर ३९ हजार ८०० च्या आसपास होता. काउंटरवरच्या मुलाने आकडा टिपला, गाडीभोवती एक फेरी मारली. काचेवरच्या खुणेजवळ थांबला, खिशातून नाणं काढून तिच्यावर ठेवलं. खूण नाण्याखाली झाकली गेली. “इतकं चालतं,” म्हणाला आणि मागच्या गाडीकडे वळला.