आणखी एक प्लॉट

काल रात्री ब्लूस्कायवर (ट्विटरसारखीच एक साइट) खातं उघडलं. बायको शेजारी कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. माझा चेहरा बघूनच तिनं ओळखलं. "अहो, परत प्लॉट घेतलात वाटतं?"

हा आमच्या घरचा शब्द. इंदुरात बायपासपलीकडे कुठं नवी कॉलनी 'कटली' (मराठीत काय म्हणतात कोण जाणे, आम्ही असंच म्हणतो) की माझे काका धावत जाऊन टोकन देऊन यायचे. रस्ता नाही, नळ नाही, शेजारी नाही, पण कोपऱ्याचा प्लॉट आपला! घर तिथं कधीच बांधलं नाही. माझं वेबसाइटींचं तेच. नवीन काही निघालं की आपलं नाव दुसऱ्यानं पटकावायच्या आत घेऊन टाकायचं.

खरं वेड लागलं 2008 मध्ये. बीएसएनएलचं ब्रॉडबँड रात्री 2 ते सकाळी 8 फुकट असायचं, म्हणून पहाटे पाचचा गजर लावायचो. सगळी नातेवाईक मंडळी ऑर्कुटवर स्क्रॅप, म्हणजे एकमेकांना निरोप, लिहीत होती आणि मी एकटा ट्विटर, टम्बलर, प्लर्क अशा नव्या साइटींवर हिंडत होतो. प्लर्कची पट्टी आडवी सरकायची आणि तिथं 'कर्म' नावाचा आकडा असायचा. दोन-चार दिवस फिरकलं नाही की तो घसरायचा. घरच्या गणपतीत माझं कर्म घसरलं, हे आईला समजावताना फार पंचाईत झाली.

आणि मग फ्रेंडफीड. गूगल सोडून बाहेर पडलेल्या चौघांनी काढलेलं. त्यातला पॉल बकाइट म्हणजे जीमेल बनवणारा. तुमचा ब्लॉग, ट्विटर, फ्लिकरचे फोटो, यूट्यूबवर आवडलेलं गाणं, सगळं गोळा करून एका धारेत वाहतं ठेवायचं. लाइफस्ट्रीमिंग म्हणायचे त्याला. 'लाइक'चं बटण तिथं 2007 मध्येच होतं, फेसबुकवर ते 2009 मध्ये आलं. हे मी लग्नकार्यातही सांगत असतो. कुणाला काही फरक पडत नाही.

मी हौसेनं सगळे नळ एकमेकांना जोडले. ब्लॉग फ्रेंडफीडला जोडला. ब्लॉगचा मथळा आपोआप ट्विटरवर जाईल अशी सोय केली, आणि ट्विटरही फ्रेंडफीडला जोडलेलं. टम्बलर ब्लॉग ओढून घ्यायचा, तोही जोडलेला. एका रविवारी लिहिलं, 'आज पोह्यांवर सेव कमी पडली.' दहा मिनिटांत ती सेव तीनदा कमी पडली. पुण्याहून मामेभावाचा फोन: "दादा, बरा आहेस ना? एकदा कळलं रे."

तरी फ्रेंडफीडसारखं पुन्हा काही मिळालं नाही. तिथं जुन्या नोंदीवर कुणी नवी प्रतिक्रिया लिहिली की ती नोंद परत वर यायची. त्यामुळे मार्चमधली पोह्यांची गोष्ट जूनमध्ये पुन्हा वर येऊन बसायची. उसळ-पोहे हा नाश्ता की जेवण, यावर मी आणि मामेभाऊ अख्खा उन्हाळा भांडलो. 2009 मध्ये फेसबुकनं ते विकत घेतलं, एप्रिल 2015 मध्ये बंद झालं. भांडणही गेलं, निकाल न लागताच.

पुढचे प्लॉट भराभर सांगतो: ईमेलनं लिहायचं पोस्टरस (2013 मध्ये बंद), गूगल प्लस (2019), कू (2024). मॅस्टोडॉन आहे अजून, पण तिथं वेगवेगळ्या लोकांचे अनेक सर्व्हर, त्यातल्या कुठल्यावर राहायचं हे ठरवण्यातच माझा उत्साह संपला.

ब्लूस्काय मात्र मराठी माणसाला एका बाबतीत बरं वाटेल. जुन्या ट्विटरच्या 140 अक्षरांच्या मर्यादेत काना, मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जायचं. 'स्वातंत्र्य' लिहा: डोळ्यांना अक्षरं तीन, हिशेबात अकरा! जोडाक्षरं टाळायची म्हणून मी तेव्हा 'स्वयंपाकघर' सोडून 'किचन' लिहायला लागलो होतो. इथं मर्यादा 300 ची, आणि मात्रा-अनुस्वार अक्षरातच धरतात, वेगळे पैसे नाहीत. मी मुद्दाम 'स्वयंपाकघर' तीनदा लिहून पाहिलं, आकडा पाहत पाहत. बायको म्हणाली, "आत कधी जाणार आहात का?"

सकाळी पहिली नोंद टाकली. पोह्यांचा फोटो, वर शेव, जिरावन मसाला, बाजूला जिलबी. मोजून सहा ओळखीचे लोक आहेत तिथं, त्यातले चार बहुधा झोपलेले.

दुपारी पुण्याहून उत्तर आलं. "उसळ कुठे आहे?"