आमची वाटचाल : लायनरच्या शेडपासून ब्रेक पाइपपर्यंत

सांगलीत माधवनगर रस्त्यावरच्या आमच्या शेडमध्ये पहिल्यांदा येणारा माणूस भिंतीकडे बघून विचारतो, "हे भंगार कशाला टांगलंय?" खिळ्यांना अडकवलेले वेडेवाकडे, गंजके ब्रेक पाइप आहेत ते, म्हणजे पॅडलचा दाब ब्रेक ऑइलमधून चाकापर्यंत नेणाऱ्या बारीक नळ्या. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली : कमांडर मागचा डावा, ओम्नी पुढचा उजवा, ट्रॅक्स मधला लांब. शिंप्याकडे मापाचे कागद असतात, तशी ही आमची मापं. जुन्या गाड्यांचे तयार पाइप मिळेनासे झाले तेव्हापासून सडका पाइप अख्खा उतरवायचा आणि त्याच्या शेजारी ठेवून नवा वाकवायचा, असं काम चालतं.

पण हे पुढचं. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, 1991 साली पत्र्याच्या आडोशाला काम सुरू केलं ते ब्रेकच्या ड्रमचं आणि त्याला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीचं, म्हणजे लायनरचं. गिऱ्हाईक सगळं वडापवालं, म्हणजे जीपमधून प्रवासी वाहतूक करणारं. जत, कवठेमहांकाळच्या फेऱ्या मारून जीपांचे लायनर महिन्या-दोन महिन्यांत पत्र्याला टेकायचे. पाइपाकडे कुणी बघायचं नाही. फुटला की तेवढा तुकडा कापायचा, पितळी जोड टाकायचा, गाडी मोकळी. मी आयटीआय करून 2008 मध्ये आलो आणि हेच शिकलो.

2011 मध्ये हे अंगाशी आलं. तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार काका जुनी जीप घेऊन आले. मागच्या एक्सलवरचा हातभर पाइप पाझरत होता. मी तेवढाच बदलला. पुढच्या पाइपावर खपल्या दिसत होत्या, नाही असं नाही, पण काकांना घाई होती आणि मला हातातले चारशे रुपये दिसत होते. आठ दिवसांनी रस्त्यात बैल आडवा आला, काकांनी जोरात ब्रेक मारला आणि चासीच्या क्लिपखाली पाइप फाटला. त्या जीपला ब्रेक ऑइलची वाट एकच. एका जागी फुटलं की चारही चाकं मोकळी. नंतरच्या गाड्यांना मास्टर सिलिंडरचे, म्हणजे पॅडल दाबल्यावर ऑइल पाइपात ढकलणाऱ्या नळकांड्याचे, दोन भाग आले, त्यामुळे एक बाजू गेली तरी दुसरी थोडीफार धरते. काकांनी गिअर पाडून, हँडब्रेक ओढून गाडी उसात घातली. कुणाला लागलं नाही, बंपर वाकला. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी बंपरचे 1,800 रुपये मोजून घेतले आणि पुढची तीन वर्षं इकडे फिरकले नाहीत. आण्णा मला काही बोलले नाहीत असं लिहिलं तर बरं दिसेल. पण ते बोलले, आणि चार गिऱ्हाइकांसमोर बोलले.

ती जीप खालून बघताना मला एक प्रश्न पडला होता. आपल्याकडे ना बर्फ, ना रस्त्यावर मीठ, ना समुद्राचा वारा. मग एवढा गंज कशाचा? उत्तर जीपच्या हौद्यातच होतं. द्राक्षावरच्या बोर्डो औषधाच्या फवारणीसाठी मोरचूद त्याच जीपमधून जायचं. मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकून बघा : वर तांबूस थर चढतो आणि लोखंड विरघळत जातं. तेच पाणी फटीतून खाली पाइपावर गळत होतं. त्यात रासायनिक खताच्या पोत्यातला चुरा. क्लिपखाली चिखल धरून बसतो, तिथं ओल महिना महिना हटत नाही. म्हणून पाइप फुटतो तो बहुतेक वेळा क्लिपखालीच. वरून रंग शाबूत आणि खालची बाजू पोखरलेली. आजही आम्ही क्लिप काढून, तारेचा ब्रश मारून पाइप बघतो. काही गाड्या पासिंगच्या आधी खालून काळा रंग मारून येतात, तिथं ब्रशच खरं सांगतो.

मग जोड टाकण्याऐवजी अख्खा पाइप बनवायला पुण्याला नाना पेठेतून फ्लेअरिंगचं, म्हणजे पाइपाचं तोंड फाकवायचं, हत्यार आणलं. ब्रेकचा पाइप 4.75 मिलिमीटरचा, आणि त्याचं तोंड नुसतं फाकवून चालत नाही. आधी फुगवायचं, मग आत दुमडायचं, म्हणजे बसकण दुहेरी होते. आमची पहिली दहा-बारा तोंडं गळली. कधी काप तिरका, कधी आतली बारीक धार काढायची राहिली. आणि सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे सुंदर फ्लेअर झाल्यावर कळायचं की नट आत घालायचाच राहिला. जुन्या जीपच्या नटांचे आटे इंची, मारुतीचे मिलिमीटरचे. चुकीचा नटही दोन आटे गोडीनं जातो आणि मग दगा देतो.

आजूबाजूचे काही जण फ्रिजची तांब्याची नळी टाकायचे. वाकवायला लोण्यासारखी, दिसायलाही छान. मोह मलाही झाला होता. पण नुसतं तांबं हादऱ्यानं कडक होत जातं आणि मग नटापाशी चिरतं. तांब्यात दहा टक्के निकेल असलेली नळी वेगळी. ती व्होल्वो कंपनीनं 1976 पासून वापरायला घेतली आणि तिला गंज चढत नाही. महाग पडते. ज्यांना गाडी ठेवायचीच आहे त्यांना आम्ही ती सुचवतो, बाकीच्यांना मुलाम्याचा पोलादी पाइप.

आता 2019 चं सांगतो. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. गावभाग, मारुती चौक, शामरावनगरमधल्या गाड्या दिवसेंदिवस पाण्यात होत्या. पूर ओसरल्यावर लोकांनी इंजिन उतरवलं, गिअरचं ऑइल बदललं, सीटा उन्हात टाकल्या. ब्रेक लागत होते, म्हणून पाइपाकडे कुणी बघितलं नाही. आम्हीही नाही, हे कबूल करतो. गाळ चासीच्या खाचांत तसाच राहिला. ब्रेक ऑइल मुळातच पाणी ओढून घेतं, त्यामुळे पाइप आतूनही खायला लागला. 2021 ला पुन्हा पूर आला आणि त्याच सुमारास गाड्या यायला लागल्या : पॅडल खाली बसतंय, चाकाच्या आत ओलं दिसतंय. दोन वर्षांत साठावर गाड्यांचे पाइप आम्ही पूर्ण बदलले. शेडला फरशी आणि दुसरा खड्डा त्याच पैशातून झाला. ही गोष्ट सांगताना अजून थोडं अवघडल्यासारखं होतं. पुराच्या पाण्यावर आमचा धंदा वाढला, हे खरं आहे.

आता नियम एकच. एक पाइप सडला असेल तर त्याच वयाचे सगळे बदलायचे, सोबत रबरी होजही. एका जीपला चार ते सहा हजार होतात. "पलीकडचा चारशेत जोड टाकून देतो की ओ," असं आठवड्यातून एकदा ऐकतो. तो देतो. मी पण द्यायचो.

एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, गाड्या आम्ही घेत नाही. काहींच्या पाइपात अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढायला स्कॅनर लागतो, तो आमच्याकडे नाही. बाकी काम तिघांत चालतं. मापांची वही बायको ठेवते. एअर काढताना भाचा पॅडलवर बसतो आणि मी खालून ओरडतो, "पंप मार... धर... सोडू नको!" सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. ते काका 2014 मध्ये परत आले, तेव्हा त्यांच्या जीपचे सगळे पाइप बदलले. बिलातून 1,800 वजा करू का विचारलं, तर म्हणाले, "ते तेव्हाच फिटलं."

एक विनंती. गाडी त्याच संध्याकाळी मागू नका. काम झाल्यावर पॅडल जोरात दाबून बघतो आणि प्रत्येक जोडाखाली कागद अंथरून गाडी रात्रभर ठेवतो. सकाळी कागद कोरडे असले तरच किल्ली मिळते.