काजळीखालचा शंख

लंडनमधल्या एका कार्यशाळेत मी धातूच्या जुन्या वस्तूंचं संवर्धन करते. मध्यंतरी एक बाई चिनी धूपपात्र घेऊन आल्या. ओंजळीत मावेल एवढं, दोन बाजूंना हत्तीच्या मुखाच्या कड्या, आणि काजळी-मेणाचा थर असा की मूळ रंगच कळू नये. पण बुडावर चौकटीत सहा अक्षरं होती : महान मिंग राजवटीत, श्वेनदे काळात घडवलेलं. बाई त्याच अक्षरांवर खूश होत्या.

श्वेनदे काळ म्हणजे त्या नावाच्या मिंग सम्राटाचा काळ, १४२६ ते १४३५. सयामहून (आजच्या थायलंडहून) नजराण्यात आलेलं तांबं वापरून १४२८ मध्ये दरबारासाठी धूपपात्रं ओतवली, अशी कथा सांगतात. तिची कीर्ती एवढी की पुढे शेकडो वर्षं चांगल्या (आणि सुमारही) पात्रांवर हाच ठसा मारला गेला. काहींनी आदराने मारला, काहींनी चक्क गिऱ्हाईक गाठायला. त्यामुळे बूड मी सगळ्यात शेवटी वाचते.

सूक्ष्मदर्शकाखाली कापसाच्या बोळ्याला सॉल्व्हंट लावून नखाएवढी जागा हलक्या हाताने टिपली. बोळा काळाकुट्ट झाला आणि खालून सोनं वर आलं. तेही सरसकट नव्हे. उठावाच्या नक्षीवर तेवढा मुलामा, मागची जमीन गडद ठेवलेली, आणि त्या जमिनीवर ठशाने ठोकलेली बारीक वर्तुळं, गाबोळीसारखी दाट. एकेक वर्तुळ हाताने ठोकलेलं. कडीखालच्या अडचणीत कारागिराचा हात घाईला आलेला स्पष्ट दिसत होता. मला तर हीच जागा सगळ्यात आवडली.

मधल्या पट्ट्यातलं एक चिन्ह घासून गेलेलं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "गोगलगाय दिसते." भोवती फडफडती फीत होती, आणि पुढे चक्र, छत्र, कमळ, माशांची जोडी. म्हटलं, अरे, शंख आहे तो! बौद्ध अष्टमंगल. आपल्याकडून बौद्ध धर्माबरोबर चीनला गेलेली ही चिन्हं ओळखायला मला कोश उघडावा लागला नाही.

क्ष-किरण तपासणीत सोन्यासोबत पारा सापडला. सोनं पाऱ्यात कालवून लेप द्यायचा, तापवून पारा उडवायचा, मग उरलेलं सोनं घोटायचं, अशी ही जुनी रीत. घडवणाऱ्याच्या फुप्फुसांचं काय होत असेल, देव जाणे. विजेवरचा मुलामा १८४० च्या सुमाराचा, त्यात पारा नसतो. पण पाऱ्याची रीत अनेक शतकं चालली, म्हणून नुसत्या पाऱ्यावरून काळ ठरत नाही. धातूत जस्तही भरपूर निघालं. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील, तांब्यात जस्त मिसळलं की पितळ. म्हणजे 'ब्राँझ' म्हणून मिरवणारं हे पात्र मुळात पितळी.

काळ ठरवला तो घडणीवरून. काळ्या जमिनीवर सोनेरी नक्षी ही मिंग काळाच्या अखेरची आवड. सोंगजियांगचा धातुकारागीर हू वनमिंग त्यासाठी गाजला होता. हे पात्र त्याचं नव्हे, पण त्या वळणाचं. नोंदीत मी 'सतरावं शतक, श्वेनदे ठसा नंतरचा' असं लिहिलं.

बाई हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "निदान सगळं चकचकीत तरी करून द्या." त्याला मी साफ नकार दिला. पॉलिशने घासलं तर आधी उठावावरचं सोनंच जातं, आणि शंखाचं तेच झालं होतं. बाहेरून काजळी उतरवली, आतली तशीच ठेवली. त्यात कोणता धूप जळला हे उद्या कुणाला तपासता येईल. त्या कबूल झाल्या, पण बिल कमी करा म्हणाल्या.