टिकटिक चालू, डोस बंद

तक्रार एका ओळीची होती. सकाळी डोस नीट पडतो, दुपारनंतर पडत नाही, पंप मात्र चालूच असतो.

पंप आमच्या डिझाइनचा होता. छोटा, सोलेनॉइडवर (विजेच्या चुंबकावर) चालणारा डायफ्रॅम पंप, म्हणजे लवचीक पडदा पुढे-मागे करून द्रव ढकलणारा. पाणी शुद्धीकरणाच्या प्लांटवर हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, पाणी निर्जंतुक करायचं द्रावण) सोडायला बसवलेला. पूर्ण स्ट्रोकला, म्हणजे पडद्याच्या एका पूर्ण धक्क्याला, ०.५ मिली, मिनिटाला जास्तीत जास्त १२० स्ट्रोक. सर्व्हिसच्या मुलांनी डायफ्रॅम बदलला होता, व्हॉल्व्ह बदलले होते, शेवटी पंपच परत आणून टेस्ट बेंचवर लावला होता. तिथे तो पाण्यावर शहाण्यासारखा चालला. असा मोजून डोस सोडणाऱ्या पंपांसाठी एपीआय ६७५ हे मानक ±१ टक्का अचूकता मागतं, आणि आमचा पंप त्याच्याही आत होता. अहवालात ‘पंपात दोष नाही’ असं लिहून तो परत गेला. दुपारी पुन्हा बंद.

मग मी स्वतः गेले.

असल्या तक्रारीत पहिला संशय पंपावर घेऊ नये असं माझं मत आहे. हायपो टिकाऊ नसतो. ऊन, उष्णता, तांब्या-निकेलसारख्या धातूंचा अंश, कशानेही त्याची ताकद उतरते. त्यामुळे ‘डोस कमी पडतो’ याचा अर्थ बऱ्याचदा ‘डोस तेवढाच पडतोय, पण द्रावणात दम उरलेला नाही’ असा निघतो. टाकीतला नमुना तपासून घेतला. ताकद ठीक होती. येणाऱ्या पाण्याचा प्रवाहही बदललेला नव्हता. म्हणजे पंपाकडेच वळायचं.

सक्शनच्या, म्हणजे द्रव ओढण्याच्या, बाजूला कॅलिब्रेशन सिलिंडर होता, ही मोठी सोय. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, पंपाला त्या खुणा केलेल्या काचनळीतून ओढू द्यायचं आणि घड्याळ लावायचं. सकाळी पातळी मिनिटाला १२ मिलीने उतरत होती, हवी तशी. जेवणानंतर पाहिलं तर पातळी जागची हलेना.

“मॅडम, आता आवाज ऐका,” ऑपरेटर काका म्हणाले. “सकाळी टिक-खट, टिक-खट येतो. आता नुसती टिकटिक आहे.”

काकांनी आमच्या अहवालापेक्षा जास्त सांगून टाकलं. टिक सोलेनॉइडची असते, खट पंपातल्या व्हॉल्व्हचा गोळा त्याच्या सीटवर (बैठकीवर) बसल्याची. खट गेली म्हणजे गोळे उचललेच जात नव्हते. डिस्चार्जच्या (द्रव बाहेर जाण्याच्या) नळीला बोट लावलं, ठोका नव्हता. पंप हेड, म्हणजे डायफ्रॅमपुढची द्रवाची पोकळी असलेला भाग, पारदर्शक होतं. टॉर्च लावून पाहिलं तर आत वरच्या कडेला एक बुडबुडा अडकलेला. स्ट्रोक पुढे आला की तो आकसायचा, मागे गेला की फुगायचा. बाहेर मात्र जायचा नाही.

हायपो विघटन पावताना थोडा ऑक्सिजन सुटतो. मात्रा किरकोळ असते, पण सक्शनच्या पाईपवर दुपारचं ऊन येत होतं आणि तिथला सगळा वायू सरकत सरकत पंप हेडमध्येच येणार. हायपोच्या लाइन बंद-चालू करायच्या बॉल व्हॉल्व्हच्या (पंपातल्या नव्हे) गोळ्याला मुद्दाम बारीक भोक ठेवतात तेही याचसाठी. बंद पोकळीत अडकलेला हायपो वायू सोडत राहिला तर व्हॉल्व्ह फुटू शकतो.

तिथेच वहीत हिशेब मांडला. डायफ्रॅम पूर्ण पुढे आल्यावरही हेडमध्ये जी जागा शिल्लक राहते, तिला आम्ही डेड व्हॉल्यूम म्हणतो. या हेडमध्ये ती जवळपास १ मिली होती. डायलने स्ट्रोकची लांबी कमी करून पंप चालत होता २० टक्के स्ट्रोकवर, म्हणजे ०.१ मिली. हेड वायूने भरलं की १.१ मिली वायू दाबून १ मिली होणार, दाब वातावरणाच्या साधारण १.१ पट. पुढे पाईपातला आणि डोस पाण्यात सोडणाऱ्या इंजेक्शन व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा मिळून ०.३ बार दाब (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब), म्हणजे गोळा उचलायला १.३ पट तरी हवा. गोळा उचलणार कसा? डायफ्रॅम मागे गेला की तोच वायू पुन्हा पसरतो, त्यामुळे नवीन द्रवही आत येत नाही. पंप दिवसभर स्प्रिंग दाबत बसल्यासारखा.

तोच स्ट्रोक पूर्ण केला तर? दीड मिलीचा एक मिली, दाब दीडपट. वायू बाहेर पडायलाच हवा.

डायल १०० टक्क्यांवर नेला आणि मिनिटाचे स्ट्रोक १२० वरून २४ वर आणले. ०.५ गुणिले २४, तेच १२ मिली. काका साशंक होते. इतका हळू पंप त्यांनी कधी चालवला नव्हता. काही ठोक्यांनी नळीतून वायूचे तुकडे सरकताना दिसले, मग खट ऐकू यायला लागली. पातळी उतरू लागली. आता डोस अडीच सेकंदांनी एकदा पडतो, सलग पडत नाही. पुढे पाणी मिसळायला पुरेसा लांब पाईप असल्याने इथे चाललं, सगळीकडे चालेलच असं नाही.

प्लांटच्या इंजिनिअर साहेबांचा आग्रह होता की एक मोठा पंप बसवून टाकू, हाताशी जास्त क्षमता असलेली बरी. खरं तर मूळ दुखणं तेच होतं. गरजेच्या पाचपट पंप घेतला म्हणून तो २० टक्क्यांवर चालवावा लागत होता. छोट्या डोसला मोठा पंप लावणं ही सुरक्षितता नव्हे. त्यांना ते लगेच पटलं नाही. वहीतलं पान फाडून त्यांच्याकडे ठेवून आले.

परत आल्यावर खरं काम सुरू झालं. ते हेड मोठ्या पंपाच्या हेडवरून लहान केलेलं होतं आणि लहान करताना सगळं सारख्या प्रमाणात लहान होत नाही. मिस्त्रीला पाना फिरवता येईल इतकी जागा लागते, गोळा फार बारीक केला तर कचऱ्याने अडतो. सहा मिलिमीटरचा गोळा एक मिलिमीटर खाली येऊन सीटवर बसेपर्यंत साधारण ०.०३ मिली द्रव मागे येऊ शकतो. अर्ध्या लिटरच्या स्ट्रोकला हे कोणी विचारत नाही, ०.१ मिलीच्या स्ट्रोकला ही जवळजवळ एक तृतीयांश चोरी. ती रोज सारखीच होत असेल तर कॅलिब्रेशनमध्ये जिरते. बुडबुड्याचं तसं नाही.

नव्या हेडमध्ये डायफ्रॅमची पुढची बाजू आणि हेडची खोबण एकमेकांना जुळती केली, सीट डायफ्रॅमच्या जवळ आणले, सक्शन खालून आणि डिस्चार्ज थेट माथ्यावरून, मधे आडवं भोक कुठे नाही. टूलरूम वैतागली. तेवढ्या खोल सीट कापायला त्यांना वेगळं हत्यार करावं लागलं. टेस्ट बेंचवरही एक पायरी वाढली: हेडमध्ये सिरिंजने हवा भरायची, पुढे दाब ठेवायचा आणि पंप आपला आपण सावरतो का ते पाहायचं.

डेड व्हॉल्यूम ०.३५ मिलीपर्यंत आली. त्याखाली आम्हाला जमली नाही. २० टक्के स्ट्रोकवर ०.४५ भागिले ०.३५, म्हणजे १.२९. हवे होते १.३. थोडक्यात हुकलं. ३० टक्क्यांवर मात्र १.४३ येतात. म्हणून डायलवर ३० टक्क्यांपाशी लाल रेघ मारली आणि वायू सोडणाऱ्या द्रवांसाठी याखाली जाऊ नये, वेग कमी करावा, असं माहितीपत्रकात लिहायला लावलं. विक्री विभागाला ती रेघ अजून पटलेली नाही. डायल पूर्ण खालपर्यंत फिरतो हेच त्यांना गिऱ्हाइकाला दाखवायचं असतं.