फेंडरच्या गोलाईवरचे टवके

खंबाटकी घाटात उडालेल्या खडीनं गाडीच्या फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) गोलाईवर टवके पडले होते. कंपनीचा रंगकोड बघून रंग आणला आणि मागच्या रविवारी भरला: पत्रा उघडा होता तिथं आधी प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर), मग टूथपिकच्या टोकानं बारीक थेंब. गोलाईच्या उतारावर रंग लगेच ओघळतो, म्हणून पातळ थर, मध्ये वाळायला वेळ. वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर.

आज भरलेला रंग आजूबाजूशी समतल करायला घासकाम. कडक ठोकळा गोलाईवर एकाच रेषेत टेकतो, तिथला मूळचा क्लिअर कोट आधी उडतो. म्हणून २००० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा बारीक पॉलिश पेपर) मऊ फोमवर गुंडाळला, भरपूर पाणी घेतलं, हात हलका ठेवला. शेवटी चकाकी आणायला कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट. फार समाधान वाटलं! साताऱ्याच्या पावसात पत्रा उघडा ठेवणं मला पटतच नाही. डावी बाजू राहिलीय, पुढच्या रविवारी.